‘बेळगावात घरं निम्म्यावर येणार’ म्हणे

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘घरांचे भाव पडायला लागलेत, रिझर्व्ह बँकेचाच आकडा आहे. बेळगावात कुणी आत्ता प्लॉट-फ्लॅट घेऊ नका, वर्षभरात निम्म्यानं मिळेल. पटत नसेल तर सब-रजिस्ट्रार ऑफिसातला शुकशुकाट बघा.’

आधी रिझर्व्ह बँक. 2024-25 च्या शेवटच्या तिमाहीत तिचा घरांच्या किमतींचा निर्देशांक वर्षभरात 3.1 टक्के वाढला. आदल्या वर्षी हीच वाढ 4.1 टक्के होती. म्हणजे चाल मंदावली, भाव उतरला नाही. महागाई त्याहून थोडी जास्त होती, तेव्हा खऱ्या अर्थानं घरं जरा स्वस्त झाली असं म्हणा हवं तर. पण कुठली घरं? त्या आकड्यात दहा शहरं होती, कर्नाटकातून फक्त बेंगळूर. कानपूर-लखनौच्या हिशेबावर बेळगावच्या हिंदवाडीतला फ्लॅट निम्म्यावर कसा येईल?

शुकशुकाटाचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2024 पासून ई-खात्याशिवाय, म्हणजे मालकाच्या नावाच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, दस्त होत नाही, आणि उताऱ्यावर आजोबांचंच नाव असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी 1 टक्क्याची 2 टक्के झाली. 40 लाखांमागे 40 हजार जादा. व्यवहार अडले म्हणून भाव पडले असं होत नाही.

मेसेजला उत्तर देणारेही काही कमी नाहीत. ‘दस्तात बघा, भाव पंचवीस टक्के वाढलेत!’ हा आकडा तर जास्त फसवा. समजा, प्लॉटचा सौदा 40 लाखांना ठरला आणि सरकारी गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे दस्तासाठी सरकारनं ठरवलेली किमान किंमत, 24 लाख आहे. दस्तात 24 लागतात, बाकीचे कुठून जातात ते सांगायला नको. मग ऑक्टोबर 2023 मध्ये झाली तशी व्हॅल्यू वाढते, 30 होते. पुढचा तसाच प्लॉट 40 लाच विकला गेला, तरी दस्तात 30 लागतात. कागदावर पंचवीस टक्के वाढ, विकणाऱ्याच्या हातात मात्र तेवढेच! आणि उद्या सौदा 36 वर आला तरी दस्त 30 चाच, म्हणजे भाव पडला तरी कागदाला पत्ता नाही. सरकारच्या कावेरी या नोंदणी पोर्टलवरून ईसी, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या व्यवहारांचा दाखला, काढलात तरी हेच आकडे दिसणार. खरी रक्कम बऱ्याचदा विसारपावतीवर असते, आणि ती कुठल्याच सरकारी तक्त्यात जात नाही.

माझं विचाराल तर बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजुरीचा, रस्ता-ड्रेनेज असलेला प्लॉट निम्म्यावर यायचा नाही. त्याचा मालक भाव उतरवण्याआधी विक्रीचा बोर्ड काढून टाकून घरी बसेल. गावाबाहेर बिनशेती न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनींचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. तिथं ई-खाताच अडतो, मग दुसरं गिऱ्हाईक आणायचं कुठून?