आकडा १५ झाला म्हणून फंक्शन फोडायचं?

आमच्या बेळगावच्या डेव्हलपर ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: "सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी १०च्या वर गेलेलं प्रत्येक फंक्शन सडकं. लगेच रिफॅक्टर करा. आकडा उतरला की बग उतरतात." सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणजे फंक्शनमध्ये, कोडच्या एका नाव दिलेल्या तुकड्यात, निर्णयांमुळे किती वाटा फुटतात ते मोजणारा आकडा. रिफॅक्टर म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलणं. उद्यमबागेतल्या एका पोरानं तर ११ दिसले की बिल्डच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होणंच, फेल होईल अशी सोय करून ठेवली. मी ऊसकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो. मला हे पटत नाही.

आधी १०चा मान. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली हे माप मांडलं तेव्हाच सांगितलं होतं, की १० ही मर्यादा व्यवहार्य आहे, जादूची नव्हे. लांबलचक केस-स्टेटमेंटला, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या स्विचला, तर त्यांनीच सूट दिली होती. साध्या फंक्शनमधले निर्णय मोजायचे आणि एक मिळवायचा, एवढंच हे माप. आमच्याकडे ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी धरून वाहनांचे १४ प्रकार, स्विचमध्ये प्रत्येकाला एक केस, म्हणजे आकडा १५. कालच रुजू झालेला पोरगाही तो स्विच चहा निवायच्या आत वाचतो.

आकडा मोठा म्हणजे कोड अवघड, हेही खरं नाही. तीन इफ ("असं असेल तर" या अटी) एकाखाली एक लिहा नाहीतर एकाच्या पोटात एक, आकडा ४च. डोकं दुसऱ्यात दुखतं. कोड तपासायची टूल्स बनवणाऱ्या सोनारसोर्सचं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे माप पहिल्याला ३ देतं, दुसऱ्याला ६.

फोडलं की उतरतं म्हणे! १८चं फंक्शन सहा तुकड्यांत वाटा. निर्णय १७च राहतात, प्रत्येक तुकड्याचा एक वाढतो, बेरीज २३. रिपोर्ट हिरवा होतो, एवढंच.

आणि बग? आमचा सगळ्यात वाईट बग आकडा मोजणाऱ्या टूलला दिसलाच नाही. वजनपावती कन्नडमध्ये हवी, मराठीतही हवी. "भाषा कोणती" हा इफ आम्ही घाईघाईत नऊ फंक्शनांत पेरला. पावतीत, दुबार पावतीत, दिवसाच्या गोषवाऱ्यात, सगळीकडे. प्रत्येकाचा आकडा २ किंवा ३, सगळं हिरवं. मग कपातीची ओळ बदलली, आठ ठिकाणी दुरुस्त झाली, नववी राहिली. खानापूरकडचा एक शेतकरी दोन पावत्या शेजारी ठेवून विचारतो, "हे काय ओ, कपात दोन तऱ्हेची कशी?" एकच विचार नऊ ठिकाणी विखुरलाय, हे फंक्शनगणिक मोजणाऱ्या आकड्याला कळायचं कसं?

आकडा टाकाऊ नाही. फंक्शनच्या सगळ्या स्वतंत्र वाटा तपासायला किती टेस्ट लागतील, हे तो नेमकं सांगतो. त्यासाठीच मी तो बघतो.

राहिलं "लगेच". गळीत हंगामात काट्यापुढे गाड्यांची रांग लागलेली असते. तेव्हा चालत्या कोडला हात लावायचा म्हणजे बैल धावत असताना जू बदलायचं. मी कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटचा इतिहास काढतो. जी फाइल दर हंगामात पाच-सहा वेळा उघडावी लागते आणि वाचायलाही जड आहे, ती पहिली. किचकट असूनही वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली राहू दे. पावसाळ्यात जुन्या पावत्यांची वजनं कोडमधून पुन्हा चालवायची, उत्तरं जुळतात का बघायचं, मग भाषेसारखा विखुरलेला इफ एका जागी आणायचा.

चौदा गाड्यांचा स्विच मात्र तसाच ठेवलाय. यंदा पंधरावा प्रकार आला. आकडा १६ झालाय.