डिफेंडर कुचकामी आणि दोन अँटीव्हायरस म्हणजे डबल सेफ्टी? कोण म्हणतं?

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या, सोसायट्यांच्या आणि तालमींच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: विंडोजबरोबर येणारा डिफेंडर कुचकामी आहे, विकतचा अँटीव्हायरस टाका, जोडीला एखादा फ्रीवालाही ठेवा. क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणारी फाइल) टाकताना पाच मिनिटं सगळं बंद केलं तरी चालतं. एवढं केलं की कॉम्प्युटरला कसलीच भीती नाही. खाली 'जनहितार्थ' आणि जोडलेले हात.

डिफेंडरचं आधी बघू. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती काढणारे प्रोग्रॅम, बघायचा, व्हायरससाठी वेगळं काहीतरी टाकावंच लागायचं. राजारामपुरीत पीसी जोडून घेतला की अँटीव्हायरसची सीडी बिलात धरलेलीच असायची, ती तेव्हाची गोष्ट. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पूर्ण अँटीव्हायरस झाला. मेसेज लिहिणारा बहुतेक अजून सीडीच्याच जमान्यात आहे.

जोडीला दुसरा ठेवणं तर उलट अंगाशी येतं. प्रत्येक अँटीव्हायरस फाइल उघडताक्षणी ती तपासायला मध्ये पडतो. दोन असले की दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि मशीन रडायला लागतं. म्हणून तर दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. दोन फ्रीवाल्यांना मात्र एवढं शहाणपण असेलच असं नाही.

आता ती 'पाच मिनिटं'. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. डीटीपीवाल्याकडून किंवा कॉलेजच्या मित्राकडून पेनड्राइव्हवर क्रॅक येतो, सोबतच्या नोटपॅडात पहिलीच सूचना 'अँटीव्हायरस बंद करा'. मग आपण ती फाइल 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करतो, म्हणजे सगळे अधिकार आपल्याच हाताने तिला देतो. तिला पाच मिनिटं लागतच नाहीत. तेवढ्यात ती डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन'मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, स्वतःचा फोल्डर घालून ठेवू शकते. नंतर तुम्ही अँटीव्हायरस चालू करा, फुल स्कॅन करा, तो फोल्डर सोडून सगळं तपासलं जाणार आणि वर हिरवी टिक दिसणार. पूर्वी क्रॅक टाकला असेल तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन 'एक्सक्लूजन'ची यादी आजच उघडून बघा. तिथं काही नसणं हेच बरं.

राहिली 'कसलीच भीती नाही'. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, जगभर पसरला. त्यासाठी कुणी फाइल उघडायचीही गरज नव्हती, तो नेटवर्कवरून आपोआप घुसत होता. ज्या भोकातून घुसला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले नसतील तर तिथली नवी भोकं उघडीच राहणार, वर कितीही भारी अँटीव्हायरस बसवा.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये टॅलीचा बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर असतो, तो वर्षभर त्याच पीसीला खोचलेला असतो. रॅन्समवेअर आला की सी ड्राइव्हबरोबर तोही कुलूपबंद. बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायला पैसे पडत नाहीत.

विकतचा घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. मुलांसाठी वेबसाइटवर बंधनं, चार मशीनचं एकच लायसन, फोन केला की मराठीत बोलणारं कुणीतरी, हे हवं असेल तर जरूर घ्या. फक्त लायसन संपलं की लगेच रिन्यू करा, नाहीतर काढून टाका. काढला की डिफेंडर परत चालू होतो. संपलेला अँटीव्हायरस घड्याळाशेजारी नुसता आयकॉन दाखवत बसतो आणि घरच्यांना वाटतं, आहे की आपल्याकडं.