दहा हजार एकर काहून सोडले?

पानठेल्यावर परवा वाद पेटला. रामभाऊ म्हणाले, "आपून धुऱ्याची हातभर जागा सोडत नाई, कोर्टात तारखा करतो. अन् सरकारनं बांगलादेशाले दहा हजार एकर फुकट देऊन टाकले?"

आकडा खरा आहे. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशात छिटमहलांची, म्हणजे एका देशाच्या पण दुसऱ्या देशानं वेढलेल्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. आपली १११ छिटमहलं, १७,१६० एकर, तिकडं गेली. त्यांची ५१, म्हणजे ७,११० एकर, इकडं आली. फरक दहा हजार एकरांचा.

पण 'फुकट' या शब्दावर मी भांडलो. चारी बाजूंनी बांगलादेश असलेल्या त्या जमिनीवर ना आपला पोलीस जायचा, ना मतपेटी. पोराचं नाव शाळेत घालायचं तर बाहेरच्या गावातला कोणी माणूस बाप म्हणून दाखवावा लागे. असा देश कागदावर ठेवून कोणाचं भलं होणार होतं?

गुरुजींनी चुन्याच्या बोटानं ठेल्याच्या पत्र्यावर एकात एक तीन गोल काढले. "हे दहाला खग्राबारी. मधातलं तागाचं वावर भारताचं होतं. त्याच्याभोवती बांगलादेश, त्याच्याभोवती भारत, अन् बाहेर पुन्हा बांगलादेश." सगळे पत्र्यावर वाकले.

"मंग इतकी वर्षं काय केलं?" रामभाऊंचा हा प्रश्न मात्र रास्त होता. इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे मुजीबुर रहमान यांचा या अदलाबदलीचा करार १९७४चा. जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, हे सुप्रीम कोर्टानं बेरुबारी या बंगालमधल्या भागाच्या प्रकरणात १९६०मध्येच सांगितलं होतं. तरी ती शंभरावी दुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला मे २०१५ उजाडला. एक्केचाळीस वर्षं! दोन पिढ्या तशाच गेल्या, याचा मला अजून संताप येतो.

मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. कोणालाच घर सोडायला लावलं नाही. कोणत्या देशाचं नागरिक व्हायचं, हे लोकांनी स्वतः ठरवलं. आपल्या बाजूच्या बांगलादेशी छिटांतले सगळे इथंच राहिले. तिकडून हजाराच्या आत लोक भारतात आले.

"अन् त्याईले कूचबिहारात टिनाच्या खोल्याईत ठेवलं, थे सांग ना!" रामभाऊ उसळले. तेही खरंच. सही झाली तरी माणसाचं बस्तान बसायला वर्षं जातात.

एवढ्यात चंद्रपूरकडचा पाहुणा बोलला. "दोन देशाईचं मिटलं बाप्पा. आमच्या जिवतीतल्या १४ गावाईवर महाराष्ट्र अन् तेलंगण दोघंबी दावा सांगतात. लोकाईजवळ दोन-दोन रेशनकार्डं हायेत, पण जमिनीचा पट्टा कोणाले मांगावं?"

रामभाऊ म्हणाले, "पट्टा जो देईन, त्याच्याकडं जा." गुरुजींना ते अजिबात पटलं नाही.