वहीत ‘एन बरोबर एमजी’ आणि दिवे घाटात न्यूट्रल

गेल्या रविवारी जेजुरीहून पुण्याला परतताना दिवे घाटाचा उतार लागला आणि भावोजींनी गाडी न्यूट्रलला टाकली. मी मागे बसले होते. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी सुटली. पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला, दुसऱ्याला आणखी जोरात दाबला. मी म्हटलं, “भावोजी, आधी गिअर टाका.” तर म्हणाले, “अहो, तुमच्याच फिजिक्सचा नियम आहे. हिच्या ग्रुपवर आलाय.” ‘हिच्या’ म्हणजे माझ्या भाचीच्या. ती यंदा अकरावी सायन्सला आहे.

गाडी गिअरमध्ये आली, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, तेव्हा मी तिचा फोन मागून घेतला आणि मेसेज वाचला. ‘फिजिक्सची न्यूमेरिकल्स दोन मिनिटांत: सहा सोनेरी नियम’. खाली ‘टॉपर्सची गुपितं’, लिहिणाऱ्याचं नाव नाही आणि वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण. त्यातले सहा नियम थोडक्यात असे. आकृती काढण्यात वेळ घालवू नका, दिलेल्या राशी लिहा आणि सूत्रात घाला. लंब प्रतिक्रिया बल ‘एन’ (पृष्ठभाग वस्तूला ढकलतो ते) म्हणजे नेहमी ‘एमजी’ (वस्तूचं वजन), कारण ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून उपग्रहाच्या गणितात ‘जी’, म्हणजे गुरुत्व त्वरण, शून्य घ्या. जड वस्तू आधी पडते. ऊर्जा अक्षय्य असते, म्हणून कुठल्याही गणितात वरची स्थितिज (उंचीमुळे असलेली) ऊर्जा बरोबर खालची गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जा. ‘रोजच्या जीवनातलं उदाहरण: घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका, फुकटची ऊर्जा मिळते, पेट्रोल वाचतं’. आणि शेवटचा, ‘जी’ कायम दहा घ्या.

मी एकवीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. चुकीचे मेसेज येतात, जातात, मी सहसा बोलत नाही. पण या मेसेजमुळे भाचीने चाचणीत गुण घालवले आणि तिच्या वडिलांनी घाटात इंजिन चाकांपासून तोडलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आकृती. वेळेचं दुखणं खरं आहे, एवढं मान्य करते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. पण बाणांची आकृती, मुलं जिला एफबीडी म्हणतात ती, काढायला वीस सेकंद पुरतात. एक ठिपका आणि त्यावर लागणाऱ्या प्रत्येक बलाचा एक बाण. वेळ जातो तो आकृती न काढता चुकलेलं गणित पुन्हा करण्यात.

आता ‘एन बरोबर एमजी’. हा नियम सगळ्यात जास्त मुलांच्या वहीत शिरलाय. भाचीच्या चाचणीतलं गणित साधं होतं: ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा, घर्षण गुणांक ०.२, त्वरण काढा. तिने आकृती काढली नाही. ‘एन’ ४९ न्यूटन लिहिला, त्यावरून घर्षण ९.८ न्यूटन आणि त्वरण २.९४. तिची आकडेमोड अगदी बिनचूक होती, आणि उत्तर चूक.

कारण उतारावर पृष्ठभाग तिरका असतो. लंब प्रतिक्रिया पृष्ठभागाला लंब असते, वजन मात्र सरळ खाली. वजनाचा जो घटक पृष्ठभागात दाबला जातो तेवढाच पृष्ठभाग परत ढकलतो: ४९ गुणिले कोसाइन ३०, म्हणजे ४२.४ न्यूटन. मग घर्षण साधारण ८.५ न्यूटन, उताराच्या दिशेचा घटक २४.५ न्यूटन, उरलं १६ न्यूटन. भागिले ५ किलो, त्वरण ३.२. दोन बाण काढले असते तर कोन डोळ्यांसमोर आला असता.

आणि ते ‘जोडी’चं कारण तर निखालस खोटं आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली दोन बलं कधीही एकाच वस्तूवर लागत नाहीत. टेबलावर ठेवलेलं पुस्तक घ्या. पुस्तकाचं वजन म्हणजे पृथ्वी पुस्तकाला ओढते ते बल. त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं ते. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं ते. ‘एन’ आणि ‘एमजी’ ही दोन्ही पुस्तकावरच लागणारी बलं आहेत, त्यामुळे त्यांची जोडी होऊच शकत नाही. आडव्या टेबलावर, दुसरं काही वरून दाबत किंवा ओढत नसताना आणि उभ्या दिशेत त्वरण नसताना ती समान येतात, पण ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमामुळे: त्वरण नाही म्हणजे बलांची बेरीज शून्य. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच.

भाचीला हे पटेना. “पण मावशी, सगळ्या सोडवलेल्या उदाहरणांत तसंच आहे.” म्हणून घरी आल्यावर आम्ही बाथरूममधला काट्याचा वजनकाटा उचलला आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये ठेवला. काट्याचाच हवा, डिजिटल काटे आकडा एकदा धरून ठेवतात. ती वर उभी राहिली: ४८. आठव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्टने उचल घेतली त्या क्षणी काटा ५२ वर गेला, मग परत ४८ वर येऊन स्थिर राहिला. वर पोचताना लिफ्ट मंदावली तेव्हा तो ४४ पर्यंत उतरला. तिने तीनदा करून बघितलं. खालच्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन आत आल्या तेव्हाही ती काट्यावरून उतरली नाही.

तिचं वजन काही त्या आठ मजल्यांत बदललं नव्हतं. काटा वजन मोजतच नाही, तो ‘एन’ मोजतो. लिफ्टला वरच्या दिशेने त्वरण असेल तर ‘एन’ला वजन तोलून शिवाय तिला वर वेग द्यावा लागतो. काट्याच्या ४ किलोंच्या फरकावरून तिने स्वतःच लिफ्टचं त्वरण काढलं: ४ भागिले ४८, गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. ‘एन’ नेहमीच ‘एमजी’ असता तर काटा हललाच नसता.

अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, या मुद्द्याला मला पदरचं काही सांगायचंही कारण नाही. बालभारतीचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग पहिला, पहिलाच धडा ‘गुरुत्वाकर्षण’. त्यात अवकाशातल्या वजनरहित अवस्थेबद्दल स्वतंत्र मजकूर आहे. अवकाश स्थानकाच्या उंचीवर ‘जी’चं मूल्य पृष्ठभागावरच्या मूल्यापेक्षा फक्त ११ टक्क्यांनी कमी असतं आणि वजनरहित वाटण्याचं कारण उंची नसून मुक्तपतन आहे, असं त्यात स्पष्ट दिलंय. हे पुस्तक आपल्याच सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं आहे. ज्या पालकांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांच्या घरात ते गेल्या वर्षापर्यंत अभ्यासाच्या टेबलावर होतं. रद्दीत गेलं नसेल तर उघडून बघा.

आकडेही जुळतात. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर धरली, तर केंद्रापासूनचं अंतर ६७७०. गुणोत्तराचा वर्ग केला की ०.८८५ येतो, म्हणजे तिथे ‘जी’ सुमारे ८.७. जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा तरंगतानाचे त्यांचे व्हिडिओ भाचीने कितीदा तरी पाहिले. ते तरंगत होते, कारण ते आणि स्थानक दोघंही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत होते, आणि आडवा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असल्यामुळे पडता पडता पृथ्वीला वळसा घालत होते. पायाखालची जमीन तितक्याच त्वरणाने पडत असेल तर ‘एन’ शून्य होतो. लिफ्टमधल्या काट्याचीच ही पुढची पायरी. आणि उपग्रहाच्या गणितात ‘जी’ शून्य घेतला, तर उपग्रहाला वर्तुळात वळवणारं अभिकेंद्री बल आणणार कुठून? तो सरळ रेषेत निघून जाईल. सूत्राची पहिलीच ओळ बंद पडते.

जड वस्तू आधी पडते, हे हवेमुळे होतं तेवढंच. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकत्र सोडलं आणि दोन्ही एकदमच खाली आलं. हा मुद्दा इथेच सोडते.

आता घाट. इथे गुणांचा प्रश्न नाही, जिवाचा आहे, म्हणून जरा थांबते.

आधी वहीतलं. ‘वरची स्थितिज ऊर्जा बरोबर खालची गतिज ऊर्जा’ हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचं सूत्र नव्हेच. घर्षण, हवेचा रोध, इंजिन, ब्रेक यांपैकी काहीच नसतानाचं ते एक खास उदाहरण आहे. तोच ठोकळा घ्या. ५ मीटर उतार, म्हणजे उंची २.५ मीटर. मेसेजच्या नियमाने तळाशी वेग ७ मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात वरची ऊर्जा १२२.५ ज्यूल, त्यातली ४२.४ ज्यूल घर्षणाने उष्णता झाली, उरली ८० ज्यूल, वेग ५.६६. आणि बलाच्या वाटेने, त्वरण ३.२ घेऊन केलं तरी ५.६६ च येतो. ऊर्जा नाहीशी झाली नाही, फक्त सगळी वेगात गेली नाही. ती कुठे कुठे गेली हे लिहिणं म्हणजेच गणित.

हेच रस्त्यावर आणा. २० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो. त्याला सुमारे २ कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी सोडावीच लागते. काहीच रोध नसेल तर तळाशी वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जातो, आणि यात वस्तुमान कटतं, म्हणजे भावोजींच्या कारलाही हाच हिशोब. हवा आणि टायर थोडी ऊर्जा खातात. बाकीची कोण घेणार? गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन बरीचशी शोषून घेतं. न्यूट्रलमध्ये तो रस्ताच बंद होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ते २ कोटी ज्यूल २०० किलो लोखंडात गेले असं धरलं, तर लोखंड २०० अंशांहून जास्त तापतं. तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. गॅरेजवाले ‘ब्रेक लागत नाही’ म्हणतात ते हेच. मेसेज ‘फुकटची ऊर्जा’ म्हणतो ती ही, आणि थांबायचं तर ती ब्रेकलाच जिरवावी लागते.

पेट्रोलचं म्हणाल, तर हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक वेळ बंदच होतं, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागेवर चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. इंजिनच बंद केलं तर थेंबही जळत नाही, हे खरं. पण मग ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदतही काही वेळा ब्रेक दाबला की संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि ट्रकच्या एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो.

पुण्यात हे कुणाला नव्याने सांगायची गरज नसावी. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार रोज हजारो लोक उतरतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. इतक्यात विसरलो? त्या शहरातल्या पालकांच्या ग्रुपवर ‘न्यूट्रलला टाका’ हे विज्ञान म्हणून फिरतंय, आणि अकरावीची मुलगी ते वडिलांना समजावून सांगतेय. मला याचा फार राग येतो.

राहिला ‘जी’ दहाचा नियम. हा त्यातल्या त्यात बरा. प्रश्नात ‘जी १० घ्या’ म्हटलं असेल तर जरूर घ्या, पर्यायांमधून उत्तर निवडायचं असेल तर अंदाजालाही चालतो, चूक दोन टक्क्यांची. पुण्यात तर ‘जी’ ९.७८ च्या आसपास आहे. पण प्रश्नात ९.८ दिलं असेल तर ९.८ च घाला, बोर्डाचा परीक्षक तेच शोधतो.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी तो नुसता डिलीट करू नये. ज्या ग्रुपवर पाठवला त्याच ग्रुपवर लिहावं की पाचवा मुद्दा चुकीचा आहे, घाटात गाडी गिअरमध्येच ठेवा. भावोजींनी काल रात्री लिहिलं. खाली भाचीने उताराच्या गणिताची आकृती टाकली, बाणांसकट.