विक्रेत्याच्या घरी मुक्कामाला कसे जावे

दुकानात पाणी विचारले, बसायला स्टूल दिले, एवढ्या पाहुणचारावर समाधान मानून परतणारे ग्राहक कोल्हापुरात पुष्कळ आहेत. आपण मात्र थेट विक्रेत्याच्या घरी, त्याच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचावे, तेही पत्ता न विचारता.

त्यासाठी चप्पल लाइन, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची गल्ली, सोयीची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे पाण्यापासून जपावे लागते, असे विक्रेता विकतानाच सांगतो. ते कानाआड करून तीच जोडी आषाढातल्या पावसात रंकाळ्यावर फिरवावी आणि कातडे फुगून शिवण उसवली, की दुकान बंद होता होता परत न्यावी. सकाळच्या भांडणाचा कडवटपणा दिवसभरात थोडातरी ओसरतो, रात्रीचा मात्र ताजाच घरी पोहोचतो. वस्तू बदलून देण्याचा निर्णय मालकाचा असतो आणि मालक समोरच गल्ल्यावर बसलेला असतो. तरीही त्याच्याकडे न पाहता, ज्याच्या हातात काहीच नाही त्या पगारी विक्रेत्यालाच धरावे. ‘मी कोण हाय ठावं हाय काय?’ हा प्रश्न चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारावा. उत्तर त्याला ठाऊक नसते, पण ‘बसा की साहेब’ म्हणत तो हसतो.

हे हसू फार मोलाचे आहे. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना अशा हसण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटले. श्रम म्हटले की मजुरी आली. सुदैवाने आपल्या बाजारपेठेत हे नाव अजून रुळलेले नाही. गिळलेला राग जिरत नाही, हे मात्र आपल्या पथ्यावर पडते. घरी पोरगे वही दाखवायला आले की तो त्याच्यावर निघतो, भाकरी थंड होते आणि अंथरुणावर पडल्यावर आपल्याला द्यायची राहिलेली चोख उत्तरे एकेक करून सुचू लागतात. त्या वेळी आपण गाढ झोपलेले असतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामाच्या तासांना मर्यादा घातली आहे. या जागरणाची नोंद कुठल्याच हजेरीपटात होत नाही, त्यामुळे मालकालाही तोशीस नाही.

दुसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याचे डोळे तांबारलेले दिसले, तर या वेळी मात्र गल्ल्याकडे जरूर जावे आणि मालकाला सांगावे की दुकानात जरा हसतमुख माणसे ठेवा.