ऑस्ट्रसाइझ म्हणजे वाळीत टाकणं नव्हे

आमच्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. ‘इंग्रजीतला ऑस्ट्रसाइझ हा शब्द ऑयस्टरवरून, म्हणजे शिंपल्यावरून आला. ग्रीक लोक गुन्हेगाराला शिंपले मारून कायमचं हाकलत. म्हणजे आपलं वाळीत टाकणंच. चाल जगभर सारखीच होती, मग आपल्यालाच नावं का ठेवायची?’ मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलं हे जसंच्या तसं वहीत उतरवतात, म्हणून लिहायला बसले.

शिंपल्याचं अर्धं खरं. ऑस्ट्रसाइझ ज्यावरून आला तो ऑस्ट्राकॉन आणि ऑयस्टर हे ग्रीकमध्ये एकाच घरचे शब्द, पण जुन्या अथेन्समध्ये वापरलं जायचं ते ऑस्ट्राकॉन म्हणजे फुटक्या मडक्याची खापरी, आणि ती कुणाला मारायची नसे. ज्याला शहराबाहेर घालवायचं, त्याचं नाव तिच्यावर कोरून मत द्यायचं. परवा फुटलेल्या कुंडीचा तुकडा आणि खिळा देऊन मुलांना नावं कोरायला लावली. चार अक्षरांतच बोटं लाल झाली. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्याच पुढाऱ्याच्या नावाच्या दीडशेहून जास्त खापऱ्या सापडल्या, पण अक्षर मोजक्याच हातांचं. म्हणजे विरोधकांनी मतं आधीच कोरून वाटायला ठेवली असणार.

‘गुन्हेगार’ आणि ‘कायमचं’ हे दोन्ही चूक. गुन्हा शाबीत व्हायची गरजच नव्हती. माणूस डोईजड वाटला की पुरे. इराण्यांविरुद्धची सलामिसची आरमारी लढाई जिंकून देणारा हाच थेमिस्टोक्लीस असा गेला. मुदत १० वर्षांची. घरदार, जमीन, नागरिकत्व शाबूत, आणि मुदत संपली की परत यायचं.

आता आपलं बघा. घटस्फोट हा शब्द आज आपण नवरा-बायकोसाठी वापरतो, पण धर्मशास्त्रात तो पतिताला नातलगांनी टाकण्याचा विधी आहे: माणूस जिवंत असताना, मेलेल्यासाठी करावं तसं दासीनं पाण्याचा घडा लाथेनं पालथा करायचा. गावकीनं वाळीत टाकलं की रोटी-बेटी बंद, पाणवठा बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. प्रायश्चित्त किंवा दंड होईपर्यंत सुटका नाही, आणि भोगणार पोरंबाळंसुद्धा. तिकडे डोईजड झालेल्याला काही वर्षं दूर ठेवत, इकडे बहुतेक वेळा चिरडला जाई तो ज्याच्यामागे कुणी नाही असा माणूस. या दोन्हींना एक म्हणणं मला सहन होत नाही.

‘नावं का ठेवायची’ याचं उत्तर तर आपल्या गावातच आहे. जातीबाहेर टाकण्याला गुजराती शेजारी नातबहार म्हणतात. त्या जुलमाला आळा घालायला बडोदा संस्थानानं, सयाजीरावांच्या हयातीत, १९३३ मध्ये ज्ञातित्रास निवारणाचा कायदा केला. ग्रीकांनी काय केलं हे त्यासाठी कुणी विचारलं नाही.

राहिला आजचा वापर. आजच्या इंग्रजीत या शब्दाला मतदान लागत नाही, ठराव लागत नाही. सगळ्यांनी मिळून एखाद्याला आपल्यातून तोडलं की झालं. माझ्याकडची आठवीतली एक मुलगी मेसेज वाचून विचारत होती, ‘ताई, मला कुणी हाकललं नाही, मग माझं वाक्य चुकलं का?’ तिनं लिहिलं होतं की मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की बाकावरच्या तिघी उठून दुसरीकडे बसतात, आणि त्यासाठी तिनं हाच शब्द वापरला होता. वाक्य बरोबर आहे, म्हटलं. मराठीत लिहिताना ‘एकटं पाडलं’ लिही.