घरी पीसीबी करणाऱ्यांस सविनय सूचना
प्रोजेक्ट उद्या दाखवायचा असेल आणि पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषांचा सर्किट बोर्ड, बाहेरून करून घ्यायला वेळ उरला नसेल, तर बेळगावच्या टिळकवाडीतील आपले स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा समजावी. रसायने देताना दुकानदाराने कन्नडमध्ये ‘जपून वापरा’ असे बजावले, तर एरवी त्याच्याशी कन्नडमध्येच घासाघीस करणाऱ्या आपण तेवढे वाक्य कळले नाही असे दाखवावे.

फोटोरेझिस्ट (तांब्यावरचा प्रकाशसंवेदी थर) डेव्हलप करण्यासाठी, म्हणजे त्याचा उजेड लागलेला भाग धुऊन काढण्यासाठी, लिटरभर पाण्याला 7 ते 10 ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. वजनकाट्याच्या भानगडीत न पडता मूठभर घ्यावा, म्हणजे ट्रॅकसकट (सर्किटच्या रेषांसकट) सगळा थर वाहून जाईल आणि कोरे तांबे हाती लागेल. पाण्यात थोडा थोडा सोडा टाकण्याऐवजी सोड्यावरच पाणी ओतावे; द्रावण उसळून डोळ्यांपर्यंत येते. गॉगल गोव्याच्या सहलीसाठी जपून ठेवलेला बरा.

एचिंगला, म्हणजे नको असलेले तांबे विरघळवायला, प्लास्टिकचा टब घ्यावा, असे भित्रे लोक सांगतात. आपण आईचे स्टीलचे पातेलेच घ्यावे. फेरिक क्लोराइड तांब्याबरोबर स्टीलही खाते, त्यामुळे बोर्डावरचा तांब्याचा 35 मायक्रॉनचा थर उतरेपर्यंत पातेल्याच्या बुडालाही देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडू लागतात आणि ओट्यावरचा पिवळा डाग पुढच्या दिवाळीलाही ओळख देतो. हे फारच संथ वाटले, तर हायड्रोक्लोरिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळावे. त्यातून क्लोरीन सुटतो. पण बेळगावच्या पावसात खिडक्या बंद ठेवाव्या लागतातच, तेव्हा तो वाया जाण्याची भीती नाही. उरलेले मिश्रण बाटलीत भरून झाकण गच्च आवळावे. आत वायू साठत राहतो आणि बाटली केव्हा फुटेल, ही उत्सुकता घरात टिकून राहते. (हवेशीर व्हरांडा, हातमोजे आणि फक्त लागेल तेवढेच द्रावण हा मार्ग ज्यांना फार सुरक्षित आयुष्य जगायचे आहे, त्यांच्यासाठी आहे.)

राहिले वापरलेले द्रावण. त्यात विरघळलेले तांबे धुण्याचा सोडा घालून खाली बसवता येते, तो गाळ वेगळा काढून घातक कचरा म्हणून देता येतो. पण एवढा खटाटोप कोण करतो? शहापुरातील जुन्या घरात परसात विहीर असेलच, नसेल तर मोरी आहे. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्याने मार्कंडेयेत, तिथून घटप्रभेत आणि पुढे कृष्णेत हे तांबे कोणत्याही सीमावादात न अडकता जाते. माशांना ते विषारी असते खरे, पण प्रोजेक्टचे गुण मासे देत नाहीत.